मुलीला रोंडा राउझी व्हायचंय: एका ज्युदो कोचचं उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी 19 वर्षांची, नागपुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, ज्युदोत राज्य पातळीचं पदक. आता तिला ज्युदो सोडून मुंबईच्या एका जिममध्ये एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा पिंजऱ्यातल्या लढतींचा खेळ) शिकायला जायचंय आणि त्यातून पुढे डब्ल्यूडब्ल्यूई किंवा सिनेमा. ज्युदोतून एमएमएत आणि मग डब्ल्यूडब्ल्यूईत गेलेली अमेरिकन खेळाडू रोंडा राउझी हा तिचा आदर्श. आईचं म्हणणं, आधी डिग्री. आणि तुम्ही विचारताय, "असं करिअर खरंच होतं का, की नुसतं मोबाइलवर दिसतं?"

मी नागपुरात बरीच वर्षं ज्युदो शिकवते आहे, मुलींनाच जास्त. माझ्याकडच्या काही जणी पोलिसात गेल्या, काही शाळेत क्रीडा शिक्षिका झाल्या, काहींनी मुंबईत स्टंटचं काम धरलं, एकदोघी एमएमएच्या पिंजऱ्यातही उतरल्या. त्यामुळे तुमच्या घरात सध्या काय चाललं असेल, याची मला चांगली कल्पना आहे.

तर करिअर होतं. रँडी कूचर हा कुस्तीतून आलेला माणूस यूएफसी या एमएमएच्या मोठ्या अमेरिकन संघटनेत हेवीवेट आणि लाइट हेवीवेट अशा दोन्ही गटांत विजेता झाला, 2010 मध्ये हॉलिवूडच्या मोठ्या ॲक्शनपटात दिसला आणि 2011 मध्ये लढणं थांबवलं. आपल्याकडे तर ही वाट एमएमएच्या कितीतरी आधीची आहे. दारासिंग 1954 मध्ये रुस्तम-ए-हिंद झाले, 60च्या दशकात सिनेमाचे नायक झाले आणि 1987 मध्ये टीव्हीवरचा हनुमान म्हणून घराघरांत पोचले. तेव्हा मुलगी काही जगावेगळं मागत नाहीये, हे आधी तिच्या आईला सांगा.

अडचण वेगळी आहे. तिला रोंडाच्या प्रवासातला शेवटचा टप्पा दिसतोय. त्या टप्प्यावर पोचली तेव्हा रोंडाच्या हातात काय होतं, आणि तुमच्या मुलीच्या हातात आज काय आहे, हा खरा प्रश्न आहे.

रोंडाचा जन्म 1987 चा. आई ॲनमरिया डी मार्स 1984 ची ज्युदो विश्वविजेती, आणि ज्युदोत जागतिक विजेतेपद मिळवणारी पहिली अमेरिकन. म्हणजे जगातली एक सर्वोत्तम कोच घरातच होती. तरी रोंडा मॅटवर आली ती 11 व्या वर्षी, फार लवकर नाही. 17 व्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये उतरली आणि पहिलीच लढत हरली. 2007 च्या जागतिक स्पर्धेत रौप्य, 2008 ला बीजिंगमध्ये 70 किलो गटात कांस्य. ऑलिंपिक ज्युदोत पदक मिळवणारी ती पहिली अमेरिकन महिला.

आता पुढचं मुलीला नक्की ऐकवा. पदक घेऊन घरी आल्यावर रोंडाकडे काम नव्हतं. काही काळ ती स्वतःच्या गाडीत झोपली, बारमध्ये नोकरी केली. ज्युदोच्या जिवावर अमेरिकेत पोट भरत नव्हतं आणि एमएमए हे त्यावरचं उत्तर होतं. 2011 मध्ये व्यावसायिक लढती सुरू, 2012 मध्ये स्ट्राइकफोर्स या दुसऱ्या एमएमए संघटनेचं विजेतेपद, आणि त्याच वर्षाच्या शेवटी यूएफसीने करारबद्ध केलेली पहिली महिला. महिला यूएफसीत कधीच लढणार नाहीत, असं त्या संघटनेचे प्रमुख डेना व्हाइट 2011 मध्ये कॅमेऱ्यासमोर म्हणाले होते. 23 फेब्रुवारी 2013 ला त्यांच्याच स्पर्धेत मुख्य लढत रोंडाची होती.

तुमच्या मुलीची परिस्थिती नेमकी उलटी आहे आणि माझ्या दृष्टीने सगळं उत्तर इथेच आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, केंद्रीय दलं खेळाडूंची भरती करतात. कोणत्या पदासाठी कोणत्या पातळीचं पदक चालतं ते पदाच्या गटावर ठरतं, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते. रोंडाला ऑलिंपिक पदकावर जे मिळालं नाही, ते आपल्या मुलीला त्याहून कितीतरी खालच्या पातळीवर मिळू शकतं. रोंडाने ज्युदो सोडलं तेव्हा त्यातून मिळवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. तुमच्या मुलीचं अजून उरलंय. राष्ट्रीय पदकाच्या एक पायरी खाली उभी असताना ज्युदो सोडणं मला पटत नाही.

आता ज्युदोतून एमएमएत जाण्याबद्दल. इथे थोडं खोलात जाते, कारण मुली इथेच फसतात.

रोंडाच्या पहिल्या सातही व्यावसायिक लढती पहिल्याच फेरीत आणि एकाच डावाने संपल्या: आर्मबार, म्हणजे आपल्या ज्युदोतलं जुजी-गातामे. तुमच्या मुलीलाही ते येत असणार. घरी सतरंजीवर लावून दाखवायला सांगा आणि बघा. प्रतिस्पर्धीचा हात आपल्या दोन मांड्यांच्या मध्ये, तिचा अंगठा वर, मनगट आपल्या छातीशी चिकटलेलं, आपले गुडघे एकमेकांवर घट्ट दाबलेले, आणि मग कंबर वर. नवशिकी मुलगी दोन्ही हातांनी मनगट ओढत बसते. मुरलेली मुलगी आधी गुडघे आवळते, कारण गुडघ्यांत फट राहिली की समोरची कोपर फिरवून निसटते. लिझ कारमूशविरुद्धच्या त्या 2013 च्या लढतीत रोंडाच्या पाठीवर प्रतिस्पर्धी चढली होती, मान आणि जबडा पिळत होती. रोंडाने तिला झटकून खाली पाडलं आणि फेरी संपायला 11 सेकंद असताना आर्मबार लावला. तेवढ्या दमछाकीत हात आपोआप बरोबर जागी जाणं, ही 11 व्या वर्षापासूनची कमाई होती. सहा महिन्यांच्या कोर्समध्ये ते येत नाही, मुंबईत नाही आणि अमेरिकेतही नाही.

पण ज्युदोच्या काही सवयी पिंजऱ्यात महागात पडतात. आपल्याकडे प्रतिस्पर्धीला पाठीवर स्वच्छ आपटलं की इप्पोन, लढत संपली. एमएमएत तिथून सुरू होते. दुसरं, खाली पडलं की आपल्या मुली पटकन पालथ्या होतात आणि कासवासारख्या अंग चोरून बसतात, कारण रेफरी थोड्याच वेळात "माते" (जपानीत "थांबा") म्हणून उभं करतो हे त्यांना माहीत असतं. एमएमएत पालथं होणं म्हणजे पाठ देणं. ठोसे बसतात आणि मागून गळा आवळला जातो. ही सवय मोडायला माझ्या मुलींना सगळ्यात जास्त वेळ लागला. तिसरं, अंगावर गी, म्हणजे ज्युदोचा जाड पोशाख नाही, म्हणजे कॉलर नाही, बाही नाही. मानेत, काखेतून, दंडावर अशी पकड नव्याने बांधावी लागते. रोंडाचे कमरेवरून फेकण्याचे डाव म्हणूनच चालले. प्रतिस्पर्धीचं डोकं आणि हात एकत्र कवेत घेऊन ती फेकायची, त्यासाठी कापड लागत नाही. आणि 2010 पासून ज्युदोच्या नियमांत पाय पकडण्यावर बंधनं आली, त्यामुळे तुमच्या मुलीच्या पिढीला पटात शिरण्याची, म्हणजे समोरचीचे पाय धरून पाडण्याची, सवयच नाही. ती सवय कुस्तीच्या मॅटवर लागते आणि त्यासाठी नागपूर सोडायची गरज नाही.

भारतातली दोन उदाहरणं तिला दाखवा. रितू फोगाट कुस्तीतून 2019 मध्ये एमएमएत आली आणि दोन वर्षांत वन चॅम्पियनशिप या आशियातल्या संघटनेच्या ग्रां प्री स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली. तिथे थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स तिच्यासमोर होती. स्टॅम्प मुळात मुए थाईची, म्हणजे थाई ठोसे-लाथांच्या खेळातली, उभ्याने मारणारी, आणि तिने कुस्तीगीर रितूला दुसऱ्या फेरीत आर्मबारने हरवलं. स्वतःच्या खेळाबाहेरचं शिकायला स्टॅम्पने वेळ दिला होता, त्याचं ते फळ. दुसरी पूजा तोमर. वुशू या चिनी युद्धकलेतून आलेली, भारतातल्या एमएमए स्पर्धांत विजेती ठरलेली, आणि जून 2024 मध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला. दोघींनीही आपला मूळ खेळ वरपर्यंत नेऊन मग उडी घेतली.

इथवरचं एकत्र सांगायचं तर रोंडाकडे एक डाव होता जो जगात तिच्याइतका कुणाला येत नव्हता, आणि तो नव्या नियमांत बसवण्याची अक्कल होती. मनोरंजनाच्या दुनियेने तिला बोलावलं ते यानंतर.

2014 मध्ये तिचा पहिला मोठा सिनेमा आला, 2015 मध्ये आणखी दोन. त्याच 2015 मध्ये तिने फेब्रुवारीत 14 सेकंदांत आणि ऑगस्टमध्ये 34 सेकंदांत लढती जिंकल्या. नोव्हेंबरमध्ये मेलबर्नला 56 हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर हॉली होमने दुसऱ्या फेरीत डोक्यावर लाथ मारून तिला हरवलं. सिनेमामुळे हरली, असं पुष्कळ लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. होम बॉक्सिंगची जागतिक विजेती होती. तिने अंतर राखलं, रोंडा पकडीसाठी सरळ रेषेत धावत राहिली आणि मार खात राहिली. ज्या लढती अर्ध्या मिनिटात संपतात, त्यात दुसऱ्या फेरीत काय करायचं याचा सराव होत नाही. वर्षभर शूटिंग आणि प्रसिद्धीची धावपळ असली की ही उणीव भरून काढायला वेळही मिळत नाही, एवढाच सिनेमाचा दोष. पुढच्या वर्षी 30 डिसेंबरला अमांडा नुनेसने तिला 48 सेकंदांत हरवलं.

2024 मध्ये रोंडाने उघड सांगितलं की ज्युदोच्या दिवसांपासून तिला डोक्याला वारंवार हादरे बसत आले होते आणि ती ते लपवत आली होती. भाऊ, पैशाचं आणि डिग्रीचं नंतर बघता येईल, पण हे आज बघा. आमच्या खेळात ओसोतो-गारीला, म्हणजे पाय मागून उडवून पाठीवर पाडण्याच्या डावाला, हनुवटी छातीला चिकटवली नाही की डोकं मागे मॅटवर आपटतं. मुलगी उठते, हसते, "काही नाही मॅडम" म्हणते. सिलेक्शन ट्रायल तोंडावर असेल तर हमखास म्हणते. म्हणून मी मुलीला विचारून ठरवतच नाही. डोकं आपटलं, डोळ्यांपुढे धूसर आलं, मळमळलं, उत्तर द्यायला उशीर लागला, यातलं काहीही दिसलं की त्या दिवशी गी उतरवायचा, घरी फोन, डॉक्टर, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर टप्प्याटप्प्याने परत. आधी नुसतं चालणं-पळणं, मग एकटीचा सराव, मग जोडीदार, फेकाफेकी सगळ्यात शेवटी. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो फार वाईट असतो.

मुलीजवळ शांतपणे बसा आणि आजवर डोक्याला काय काय लागलं ते सगळं विचारा. रागावणार नाही असं आधी कबूल करा, नाहीतर ती सांगणार नाही. ते कागदावर लिहा, आणि ठोसे-लाथांचा सराव सुरू करायच्या आधी धंतोलीत एखाद्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवून या. जिमवाले म्हणतील, आम्ही हेडगार्ड घालतो. हेडगार्डने कापणं-फुटणं कमी होतं, कवटीच्या आतलं हादरणं थांबत नाही. आठवड्यातून किती दिवस जोरात स्पॅरिंग, म्हणजे सरावाच्या लढती, करता, हे त्यांना विचारा. रोज असं उत्तर आलं तर तिथून परत या.

उन्हाळ्याचंही सांगून ठेवते. नागपूरच्या मे महिन्यात दोन-तीन किलो वजन घामाने सहज उतरतं आणि मुलींना वाटतं, वजन पाडणं आपल्याला जमलं. त्या उन्हात पाणी तोडून वजन पाडायचं आणि मग डोक्यावर मार खायचा, ही जोडी जीवघेणी आहे. वजन आहारतज्ज्ञाकडून, आठवड्यांच्या हिशोबाने.

आता मनोरंजनाकडे येते. रोंडा जानेवारी 2018 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत आली. एप्रिलमध्ये रेसलमेनियात, म्हणजे त्यांच्या सगळ्यात मोठ्या वार्षिक कार्यक्रमात, पहिली लढत, ऑगस्टमध्ये विजेतेपद, आणि एप्रिल 2019 ला रेसलमेनियाची मुख्य लढत पहिल्यांदा महिलांची झाली, त्या तिघींपैकी ती एक. 2021 मध्ये मुलगी झाली, 2022 मध्ये परतली, 2023 मध्ये ते काम थांबवलं. तिथे निकाल आधी ठरलेला असतो, पण पडणं खरं असतं. म्हणून ज्युदोवाल्यांची तिथे आणि स्टंटमध्येही किंमत आहे. उकेमी, म्हणजे पडण्याची कला, आम्ही पहिल्या दिवसापासून शिकवतो.

मात्र फेकणं तिथे बदलावं लागतं. स्पर्धेत आपण प्रतिस्पर्धीला फेकून तिच्या अंगावर आपलं वजन टाकतो, तिथे समोरची ही जोडीदार असते. तिला डोळ्यांत भरेल असं उंच फेकायचं आणि खाली येताना तिची बाही किंवा दंड वर खेचून तिचं डोकं वाचवायचं. स्टंटला जायचं म्हणणाऱ्या मुलीची मी एक चाचणी घेते. तिच्यापेक्षा हलकी जोडीदार देते आणि तोच थ्रो परत परत करायला सांगते, दर वेळी तितकाच मोठा दिसला पाहिजे. नंतर फेकणारीला काहीच विचारत नाही, पडणारीला विचारते, "अजून करशील का हिच्यासोबत?" ती लगेच हो म्हणाली तर या मुलीला ते काम जमेल. तुमच्या मुलीच्या कोचला हे करून बघायला सांगा. राज्य पदक असलेल्या चांगल्या मुलीही यात अडखळतात, कारण जिंकायची सवय हातात भिनलेली असते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. रोंडाला लहानपणी सहाव्या वर्षापर्यंत नीट बोलता येत नव्हतं. पुढे तीच मुलगी मुलाखतींत अशी बोलायची की लोक लढत बघायला तिकीट काढायचे. मुलीला मोबाइलसमोर बसवा आणि स्वतःच्या हरलेल्या एका लढतीबद्दल दोन मिनिटं बोलायला लावा, आधी मराठीत, मग हिंदीत. ऐकावंसं वाटलं का, ते तुम्हाला लगेच कळेल. नाही वाटलं तर शिकता येतं. कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये घाला, एकांकिका स्पर्धा नागपुरात होतच असतात.

भारतातून डब्ल्यूडब्ल्यूईत जायची दारं अरुंद आहेत, पण आहेत. कविता देवी वेटलिफ्टिंगमध्ये 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेचं सुवर्ण घेऊन गेली, आणि जालंधरला खलीच्या अकादमीत शिकून 2017 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या महिलांच्या स्पर्धेत उतरली. खली स्वतः पंजाब पोलिसात होता. म्हणजे नोकरी आणि पदक हातात ठेवून गेलेली माणसं आहेत. मुंबईतलं स्टंटचं काम संघटनेच्या कार्डावर आणि फाइट मास्टरच्या ओळखीवर चालतं, रोजाने मिळतं, सलग मिळत नाही. दुखापत झाली तर खर्च कोण करणार, हे दर वेळी कामाच्या आधी विचारावं लागतं.

काही गोष्टी मला इथून ठरवता येणार नाहीत. तिचे गुडघे कसे आहेत, तुमची घरची ऐपत किती, त्या जिममध्ये तिच्या वजनाच्या किती मुली सरावाला येतात. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. यूएफसीत महिलांचे गट 52, 57 आणि 61 किलोच्या आसपासचे. 61 च्या गटात आपल्याकडे जोडीदार मुली मिळणं कठीण, मग सराव मुलांसोबतच होतो आणि दुखापती वाढतात.

माझं मत विचाराल तर या वर्षी ज्युदो आणि बी.कॉम. दोन्ही सोडू नका. आंतरविद्यापीठ आणि राष्ट्रीय स्पर्धा पूर्ण ताकदीने खेळू द्या. त्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस नागपुरातच बॉक्सिंग आणि कुस्ती सुरू करा. मुंबईला पाठवायची ती सुट्टीत, दोन-तीन आठवड्यांसाठी, आणि पहिल्या खेपेला तुम्ही किंवा तिची आई विदर्भ एक्सप्रेसने सोबत जा. बाहेर खुर्चीवर बसून सराव बघा, तिथल्या मुलींशी बोला, राहायची जागा बघा. परत आल्यावर एखादी हौशी एमएमए लढत खेळू द्या. त्यात जिंकली की हरली याला मी फारसं महत्त्व देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःहून सरावाला गेली का, ते बघा. डिग्री हातात आल्यावर आणि राष्ट्रीय पातळीचं काही पदरात पडल्यावरही तिला तेच हवं असेल, तर तिला जाऊ द्या, आणि मनापासून जाऊ द्या. अर्ध्या मनाने पाठवलेल्या मुली दुखापत झाली की घरी सांगत नाहीत.

तिचं सध्याचं वजन, कोणत्या गटात खेळते, गुडघा किंवा खांद्याचा जुना रिपोर्ट असेल तर तो, आणि त्या जिमचं आठवड्याचं वेळापत्रक एवढं पाठवा. त्यावरून एमएमएत कोणता गट धरावा आणि बॉक्सिंगचे तीन दिवस ज्युदोच्या वेळेत कसे बसवावेत, ते नेमकं सांगते.